महासाथीत घरे बांधली गेली ती कशी

24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर केली. ती लागू व्हायला तेव्हा जेमतेम चार तास उरले होते. महाराष्ट्रात तर त्याआधीच संचारबंदी लागली होती. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, सगळीकडे इमारती अर्ध्यावर होत्या. कुठे पायाचे खड्डे खणून झाले होते, कुठे सातव्या मजल्याचे सेंटरिंग लावून वर सळई बांधून तयार होती, कुठे स्लॅब कालपरवाच भरला होता, तर कुठे रंगाचा शेवटचा हात बाकी होता. दुकान शटर ओढून बंद करता येते. बांधकाम असे मध्येच टाकून जाता येत नाही.

त्यात वेळही वाईट होती. आपल्याकडे मार्च ते जूनचा पहिला आठवडा हा बांधकामाचा सर्वांत धावपळीचा हंगाम. पावसाच्या आत प्लिंथ जमिनीच्या वर काढायची, गच्चीचे वॉटरप्रूफिंग उरकायचे, बाहेरचे प्लास्टर संपवून परांची उतरवायची, हे सगळे याच तीन महिन्यांत बसवलेले असते. 2020 मध्ये नेमके तेच महिने हातचे गेले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पहिल्या अंदाजानुसार एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचे एकूण उत्पादन 23.9 टक्क्यांनी घटले. एकट्या बांधकाम क्षेत्राची घट 50.3 टक्के होती. म्हणजे निम्म्याहून जास्त काम बुडाले.

तरीही बरेच प्रकल्प साथीच्या दोन वर्षांत पुढे सरकले, काही पूर्णही झाले. ज्या साइट तगल्या त्यांच्यात काय होते आणि ज्या थांबल्या त्यांच्यात काय नव्हते, याचे उत्तर शोधू लागले की यंत्रे, परवाने आणि बँकेतली शिल्लक यांच्याही आधी एक प्रश्न समोर येतो: मजूर रात्री कुठे झोपत होता?

तिथे जाण्याआधी बंद पडलेल्या साइटवर काय होते ते पाहायला हवे.

सिमेंटला पाणी लागले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि ती कोणाच्या आदेशाने थांबत नाही. भारतीय मानक 456 सांगते, की साधे पोर्टलँड सिमेंट असेल तर काँक्रीट निदान सात दिवस ओले ठेवा, फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेले सिमेंट असेल तर निदान दहा दिवस. जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, 21 मार्चला भरलेला स्लॅब म्हणजे महिनाअखेरपर्यंत भिजवत ठेवायलाच हवा होता, तोही ऐन उन्हाळ्यात. तो सुकू दिला तर वरच्या थराला बारीक तडे जातात आणि काँक्रीट अपेक्षित ताकदीला पोचत नाही. ज्या साइटवर वॉचमनचे कुटुंब आणि दहापाच मजूर मागे राहिले, तिथे त्यांनीच हे काम ओढले. स्लॅबवर सिमेंट-वाळूची आळी घालायची, त्यांत पाणी भरून ठेवायचे, कॉलमना गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाइपने भिजवायचे. रस्ते ओस पडले होते, किराणा मिळायची पंचाईत होती, आणि ही माणसे दुसऱ्याच्या घराचा स्लॅब भिजवत होती. आज त्या घरांत राहणाऱ्यांना बहुधा याची कल्पनाही नसेल.

स्लॅबखालच्या टेकूंची गोष्ट वेगळी. त्याच मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी, आणि सहा मीटरहून लांब बीमचे एकवीस दिवसांनी. टेकू दोन महिने तसेच राहिले म्हणून स्लॅबचे काही बिघडत नाही. बिघडते ते कंत्राटदाराचे, कारण प्लेटा आणि जॅक पुष्कळदा भाड्याचे असतात आणि भाडे दिवसावर चढते. उलट सळईला वाट पाहणे मानवत नाही. पुढच्या मजल्यासाठी कॉलममधून वर काढून ठेवलेल्या सळया उघड्या हवेत गंजतात, आणि मुंबईसारख्या खाऱ्या हवेत तर लवकर गंजतात. जाणता साइट इंजिनिअर काम लांबणार असे दिसताच त्या सळयांना सिमेंटच्या पातळ रबडीचा हात मारून घेतो आणि काम पुन्हा सुरू करताना तारेच्या ब्रशने घासून घेतो. गोदामातले सिमेंटही असेच. तीन महिन्यांहून जुनी गोणी वापरण्याआधी तिची पुन्हा चाचणी करावी लागते, कारण हवेतला ओलावा शोषून तिची ताकद उतरते. मार्चमध्ये रचलेल्या थप्प्या जूनमध्ये उघडल्या गेल्या, तेव्हा खालच्या रांगेत गठ्ठे झालेले असणार हे ठरलेलेच होते.

सर्वांत मोठा धोका होता तळघरासाठी खणलेल्या खड्ड्यांचा. दाट वस्तीत दोन जुन्या इमारतींच्या मध्ये खोल खड्डा खणला की बाजूची माती तात्पुरत्या भिंतींनी आणि आडव्या टेकूंनी धरलेली असते आणि तळाचे पाणी पंपाने उपसत राहावे लागते. असा खड्डा पावसाळ्यात राम भरोसे सोडणे म्हणजे शेजारच्या इमारतीचा पाया उघडा टाकणे. म्हणूनच बाकी सगळे बंद असतानाही पावसाळ्यापूर्वीच्या तातडीच्या सुरक्षा कामांना परवानगी द्यावी लागली.

पहिली फट उघडली ती 15 एप्रिल 2020 ला. केंद्रीय गृह मंत्रालयाने 20 एप्रिलपासून काही कामांना सूट दिली. ग्रामीण भागात इमारतींची कामे करता येणार होती. शहरांसाठी मात्र अट होती. महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत फक्त तेच चालू प्रकल्प पुढे नेता येणार होते, जिथे मजूर साइटवरच हजर आहेत आणि बाहेरून एकही माणूस आणावा लागणार नाही. रुग्ण जास्त असलेल्या मुंबई-पुणे पट्ट्यात प्रत्यक्ष काम सुरू व्हायला त्याहून वेळ लागला, पण नियमाची दिशा स्पष्ट होती.

या एका अटीने सगळे प्रकल्प दोन भागांत विभागले गेले. ज्या विकसकांनी किंवा कंत्राटदारांनी साइटच्या आत किंवा लगत धड वस्ती उभारली होती, पाणी, संडास, चुलीची जागा दिली होती, त्यांच्याकडे माणसे होती. ज्यांचे काम सकाळी मजूर नाक्यावरून माणसे उचलून आणण्यावर चालत होते, त्यांच्याकडे कोणीच नव्हते. नाक्यावरचा बिगारी आपल्या भाड्याच्या खोलीत अडकला होता आणि त्या खोलीचे भाडे थकत चालले होते.

कायद्याने यात संदिग्धता ठेवलेली नव्हती. तेव्हा लागू असलेल्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम 1996 चे कलम 34 सांगत होते, की काम चालू असेपर्यंत मालकाने कामगारांना साइटवर किंवा जवळच्या जागेत राहण्याची विनामूल्य सोय द्यायची, तीही स्वयंपाकाची, अंघोळीची आणि शौचाची स्वतंत्र जागा धरून. कलम 35 म्हणत होते, पन्नासाहून अधिक महिला कामगार असतील तर पाळणाघर हवे. हा कायदा झाला तेव्हा कोणाच्या डोळ्यांपुढे महासाथ नव्हती. पण 2020 मध्ये ज्यांनी तो पाळला होता त्यांचे प्रकल्प सुरू राहू शकले, आणि इतरांना पत्र्याच्या एका खोलीत दहा-बारा जण कोंबण्याची किंमत मोजावी लागली.

ही किंमत त्याआधीही दिसली होती. 29 जून 2019 च्या पहाटे पुण्यातल्या कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत पावसात कोसळली. भिंतीला लागून शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. 15 जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. बहुतेक बिहारमधून आलेले होते. साथ येण्याच्या नऊ महिने आधी झालेली ही दुर्घटना लेबर कॅम्पच्या जागेबद्दल सगळे सांगून गेली होती.

एप्रिल संपता संपता मजुरांचा संयम सुटला. तेलंगणात संगारेड्डीजवळ कंदी इथे आयआयटी हैदराबादच्या बांधकामावर असलेले मजूर थकलेली मजुरी आणि घरी जाण्याची मागणी घेऊन रस्त्यावर उतरले, पोलिसांशी झटापट झाली. दोनच दिवसांनी, 1 मे 2020 ला, देशातली पहिली श्रमिक विशेष गाडी लिंगमपल्लीहून झारखंडमधल्या हटियाकडे निघाली, तिच्यात याच मजुरांपैकी सुमारे बाराशे जण होते. साइटवर राहण्याची सोय असूनही त्यांना राहायचे नव्हते, ही गोष्ट इथे नजरेआड करून चालणार नाही. छप्पर आहे पण मजुरी थकली आहे, गावी आईवडील एकटे आहेत आणि उद्या काय होईल हे कोणी सांगत नाही, अशा स्थितीत माणूस थांबत नाही. ऑगस्टअखेरपर्यंत या गाड्यांतून 63 लाखांहून अधिक लोक गावी गेले.

गाड्यांत जागा न मिळालेले चालत निघाले. 8 मे च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले 16 जण मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले होते, जालन्यातल्या पोलाद कारखान्यात कामाला होते आणि गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने निघाले होते. जालना सळईच्या उत्पादनासाठी देशभर ओळखले जाते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या कॉलमांत तिथली सळई आहे. बांधकामाची साखळी साइटच्या फाटकापाशी सुरू होत नाही, ती किती मागपर्यंत जाते हे त्या पहाटे कळले.

जूनमध्ये निर्बंध सैलावले तेव्हा चित्र उलटे झाले. परवाना हातात होता, माणूस नव्हता. काही विकसकांनी बस पाठवल्या, काहींनी मजुरांसाठी विमानाची तिकिटे काढली, मुकादमांच्या हाती आगाऊ रकमा दिल्या. पण नुसती माणसांची डोकी मोजून साइट चालत नाही. सेंटरिंगचा सुतार, सळई बांधणारा फिटर, गवंडी, प्लास्टरवाला, टाइल्सवाला यांची कामे एकमेकांना करता येत नाहीत, आणि प्रत्येक कामाची माणसे वेगवेगळ्या मुलखांतून येतात. एखाद्या मुलखातली सेंटरिंगची किंवा सळईची माणसे परतली नाहीत तर एखाद्या साइटवर स्लॅबच अडतो, भले गवंडी बसून असोत.

इथे साइट इंजिनिअरचे कसब पणाला लागले. नेहमीचे वेळापत्रक बाजूला ठेवून हाती असलेल्या माणसांकडून आज काय होईल, असा उलटा हिशेब मांडावा लागला. फिटर आणि सुतार नसतील तर वरचा मजला थांबवायचा आणि खालच्या मजल्यांवर ब्लॉकचे बांधकाम, आतले प्लास्टर, संडास-न्हाणीचे वॉटरप्रूफिंग काढायचे. ही कामे दोघेचौघे वेगवेगळ्या खोल्यांत करू शकतात, त्यामुळे अंतरही आपोआप राखले जाते. स्लॅब भरताना मात्र पंपाचा पाइप धरणारे, व्हायब्रेटर चालवणारे, फावडेवाले, पाटा मारणारे असे कितीतरी जण एकाच जागी खांद्याला खांदा लावून असतात. तयार काँक्रीट घेऊन आलेला मिक्सर साधारण दोन तासांच्या आत रिकामा करावा लागतो, म्हणून तिथे संथपणे काम करणेही शक्य नसते. त्यामुळे स्लॅबचा दिवस सर्वांत जोखमीचा मानून त्याची वेगळी तयारी होऊ लागली.

ज्यांनी हे नीट केले त्यांची पद्धत जवळपास सारखी होती. मजुरांच्या टोळ्या पाडल्या. जी टोळी एका खोलीत राहते तीच एका मजल्यावर काम करणार, एकाच वेळी जेवणार, होइस्टने एकाच फेरीत वर जाणार. दुसऱ्या टोळीशी तिचा संबंध नाही. एखाद्याला ताप आला तर ती एकच टोळी बाजूला काढायची, अख्खी साइट बंद पडत नाही. अंगठा लावायची हजेरी बंद होऊन मुकादमाची वही परत आली. मिक्सरच्या आणि वाळूच्या गाडीच्या ड्रायव्हरने खाली उतरायचे नाही, चलन खिडकीतून द्यायचे. फाटकावर ताप मोजायचा, हात धुवायला नळ आणि साबण ठेवायचा. मे महिन्याच्या उन्हात मास्क लावून घमेली वाहणे हा छळ असतो, म्हणून समजूतदार मुकादमांनी मधल्या सुट्ट्या वाढवल्या. दोन पाळ्यांत जेवण, कॅम्पमध्ये दोन खाटांमध्ये अंतर, आजाऱ्यासाठी एक वेगळी खोली. यात महागडे असे काहीच नव्हते, लागत होती ती जागा आणि शिस्त.

नेमकी जागाच कमी असल्याचा धडा सिंगापूरला फार महागात पडला. तिथली घरबांधणी भारत आणि बांगलादेशातून आलेल्या मजुरांच्या बळावर चालते आणि ते मोठमोठ्या वसतिगृहांत राहतात. एप्रिल 2020 मध्ये साथ या वसतिगृहांत शिरली आणि वणव्यासारखी पसरली. वर्षअखेरीस सरकारने जाहीर केले, की वसतिगृहांत राहणाऱ्यांपैकी 47 टक्क्यांना संसर्ग होऊन गेला होता. देशातले नागरिक तुलनेने सुरक्षित होते, पण घरे बांधणारे हात विलगीकरणात अडकले आणि सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या नव्या इमारती सहा ते नऊ महिने लांबल्या, काही त्याहून जास्त. काम पुन्हा सुरू करताना तिथेही हाच नियम आला: एका साइटचे मजूर एकाच जागी राहतील. पुढे 2021 मध्ये नव्या वसतिगृहांसाठी मानके बदलली. एका खोलीत बाराहून अधिक माणसे नकोत, आणि पूर्वी पंधरा जणांमागे असलेला संडास-न्हाणीचा संच आता सहा जणांमागे हवा. सिंगापूरने चूक दुरुस्त केली ती आकडे कागदावर आणून, हे विशेष.

आता पैशाकडे वळू, कारण मजूर मिळाले तरी प्रकल्प पैशाने अडतोच. महाराष्ट्रात घर घेणारा टप्प्याटप्प्याने पैसे भरतो. ‘रेरा’ या स्थावर संपदा कायद्याखालच्या नमुना करारानुसार प्लिंथ होईपर्यंत जास्तीत जास्त 45 टक्के, सगळे स्लॅब पूर्ण होईपर्यंत 70 टक्के, मग भिंती, प्लास्टर, फरशी, लिफ्ट अशा कामांप्रमाणे पुढचे हप्ते. ग्राहकाच्या हिताचीच ही रचना आहे. पण साथीत तिने चक्र उलटे फिरवले. स्लॅब थांबला म्हणून हप्ता थांबला, हप्ता थांबला म्हणून पुढच्या स्लॅबची सळई आली नाही. दुसरीकडे ग्राहक राहत्या घराचे भाडेही भरत होता आणि कर्जाचे व्याजही. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 या काळात हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, पण व्याज चढतच राहिले. पुनर्विकासासाठी जुने घर रिकामे करून दिलेल्यांची अवस्था त्याहून बिकट, कारण त्यांचे भाडे विकसकाने द्यायचे असते आणि अनेक ठिकाणी तेच थांबले.

ताबा देण्याच्या तारखा सांभाळणे अशक्य होते. रेरा कायद्याच्या कलम 6 मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गनिर्मित इतर आपत्तीमुळे काम अडले तर मुदतवाढीची तरतूद आहे. महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने 15 मार्च 2020 नंतर मुदत संपणाऱ्या प्रकल्पांना आधी तीन आणि मग मे महिन्यात सहा महिन्यांची मुदतवाढ दिली, आणि दुसऱ्या लाटेनंतर ऑगस्ट 2021 मध्ये पुन्हा सहा महिन्यांची. त्याच कायद्यातली आणखी एक तरतूद या काळात फार उपयोगी ठरली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतला 70 टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यानेच, झालेल्या कामाच्या प्रमाणात काढायचा. ज्यांनी हे खाते इमानाने सांभाळले होते, त्यांच्याकडे जूनमध्ये पहिली बिले चुकती करायला पैसा होता.

मग सरकारने मागणी हलवली. 26 ऑगस्ट 2020 ला राज्य मंत्रिमंडळाने मुद्रांक शुल्क कमी केले. मुंबईत ते 5 टक्क्यांवरून डिसेंबरअखेरपर्यंत 2 टक्के आणि पुढचे तीन महिने 3 टक्के झाले. एप्रिल 2020 मध्ये मुंबईत घरखरेदीची एकही नोंदणी झाली नव्हती, डिसेंबरमध्ये 19 हजारांहून अधिक झाल्या. जानेवारी 2021 मध्ये दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून विकसकांनी भरायच्या अधिमूल्यात वर्षभरासाठी 50 टक्के सूट मिळाली, सूट घेणाऱ्याने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरायचे या अटीवर. अडकलेल्या प्रकल्पांसाठी केंद्राने नोव्हेंबर 2019 मध्येच 25 हजार कोटींचा ‘स्वामिह’ निधी जाहीर केला होता. त्यातून पूर्ण झालेला देशातला पहिला गृहप्रकल्प महाराष्ट्रातलाच, बोरिवलीचा रिवाली पार्क. 7 एकरांवरच्या 708 घरांचा हा प्रकल्प. त्याचा ताबा देण्याचा कार्यक्रम 13 मे 2021 ला, दुसरी लाट भरात असताना, दूरदृश्य प्रणालीद्वारे झाला.

त्या दुसऱ्या लाटेत राज्याने पहिल्या वेळी शिकलेले वापरले. ‘ब्रेक द चेन’च्या एप्रिल 2021 च्या आदेशात बांधकामे सरसकट बंद केली नाहीत. मजूर साइटवर राहत असतील तिथे काम चालू, मालाच्या गाड्या सोडल्या तर ये-जा बंद. नियम मोडला तर विकसकाला 10 हजार रुपये दंड, पुन्हा मोडला तर साइट बंद. शिवाय त्यात एक ओळ होती जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही: बाधित झालेल्या मजुराला कामावरून काढायचे नाही, त्याला रजा द्यायची आणि पूर्ण मजुरीही द्यायची. आजार सांगितला तर रोज बुडेल ही भीती असेल तर मजूर ताप लपवतो. रोज मिळणार असेल तर तो स्वतःहून सांगतो. साथ रोखायला या एका ओळीने जे साधले असते, ते शंभर थर्मल गनांनी साधले नसते. तिची अंमलबजावणी मात्र साइटगणिक वेगळी राहिली.

अडथळे तरीही संपले नाहीत. 22 एप्रिल 2021 पासून केंद्राने मोजके उद्योग वगळता औद्योगिक ऑक्सिजनचा पुरवठा थांबवला. तो रुग्णालयांना हवा होता, आणि तेच योग्य होते. पण गॅस कटिंगवर चालणारी छोटी फॅब्रिकेशन दुकाने बसली, त्यांच्याबरोबर जिन्यांचे कठडे आणि ग्रिलही थांबले. त्याआधीच सिमेंट-पोलादाचे भाव इतके चढले होते, की जानेवारी 2021 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी या कंपन्या संगनमत करतात असा जाहीर आरोप केला. आणि दोन्ही वर्षी ऐन निर्बंधांत वादळे आली. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ अलिबागजवळ धडकले, 17 मे 2021 ला ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेले. उंच इमारतीवरची टॉवर क्रेन वादळात ब्रेक लावून ठेवायची नसते. तिचा आडवा हात वाऱ्याच्या दिशेने मोकळा फिरू द्यावा लागतो, नाहीतर वाऱ्याचा सगळा दाब मनोऱ्यावर येतो. हे करणारा जाणकार माणूस साइटवर हजर असणे ही त्या दिवशी आजूबाजूच्या वस्तीच्या जिवाची गोष्ट होती.

या काळात काही विकसक अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांकडे वळले, ज्यांना साइटवर ‘मायवान’ म्हणतात. त्यात भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतले जातात, त्यामुळे सुतार आणि गवंडी कमी लागतात. उंच आणि एकसारख्या मजल्यांच्या इमारतीला ते परवडते. पण चार मजल्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास आजही गवंड्याच्या थापीवर आणि ओळंब्यावरच उभा राहतो. माणसाची गरज यंत्राने संपेल या आशेवर राहण्यात अर्थ नाही.

पैसा बांधकाम कामगार कल्याण मंडळांकडेही होता. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकरातून देशभरातल्या मंडळांकडे सुमारे 52 हजार कोटी रुपये जमा असल्याचे केंद्र सरकारने मार्च 2020 मध्ये सांगितले होते, आणि नोंदणीकृत कामगार होते साडेतीन कोटी. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्यांना 2020 मध्ये दोन टप्प्यांत 5 हजार आणि 2021 मध्ये दीड हजार रुपये मिळाले. नोंदणीच नसलेल्यांना काहीच मिळाले नाही. नोंदणीसाठी वर्षातून 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदाराने द्यायचा असतो. एका साइटवरून दुसऱ्या साइटवर, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरणाऱ्या माणसाला तो मिळवणे जड जाते, आणि उपकर त्याच्याच नावाने गोळा होत राहतो.

नवे घर पाहायला जाणाऱ्यांनी म्हणून एवढे जरूर करावे. सॅम्पल फ्लॅट पाहून झाला की साइट इंजिनिअरला लेबर कॅम्प दाखवायला सांगावे. तिथे पाणी किती वेळ येते, संडास किती आहेत, मजुरांची मंडळाकडे नोंदणी झाली आहे का, हे विचारावे. रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासणारे ग्राहक आता पुष्कळ झाले आहेत. हा प्रश्नही तितक्याच जणांनी विचारला, तर मजुरांना राहण्याची धड सोय देणे विकसकांना भाग पडेल.